मोकळा श्वास

नाकाचं ऑपरेशन होऊन महिना झाला आणि एका सकाळी कौसल्येचा श्वास अगदी मोकळा झाला. लहानपणापासून तोंडाने श्वास घेणारी ती डोळे मिटून पडून राहिली. हवा आत येत होती, कपाळामागे पसरत होती. आपण पाण्यावर तरंगतोय असं तिला वाटलं.

मग सुक्या मासळीचा उग्र वास आला. तिचा नवरा, धाकू, बोंबील वाळत घालून दाराबाहेरच थबकला होता. वास यायला लागला की घाटावरची ही बायको माहेरी निघून जाईल, अशी धास्तीच त्याने घेतली होती.

“अंघोळ करूनच आत येतो,” तो म्हणाला.

“थांबा.” ती उठली, त्याच्या खांद्यावर नाक टेकवून तिने लांब श्वास घेतला.

“म्हणजे असे आहात होय तुम्ही!” म्हणत ती तशीच उभी राहिली.