चौथा बीप

बाबांचा चाळीस वर्षं जुना कॉम्प्युटर मी पुन्हा उभा केला. त्याच्यापुढे तीन दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले होते, म्हणून मुद्दाम सांगते.

आत कार्डं बसवायच्या आठ खाचा. बाबांनी मशीनला सवयच लावली होती, चालू होताच बसवलेली कार्डं मोजायची. एका कार्डाला एक बीप.

मी तीन कार्डं बसवली, एकेका दाबात, खट्कन. माझा हात चुकत नाही.

बटण दाबलं. चार बीप वाजले.

मशीनने मला खोटं पाडावं? मी एक कार्ड उपटलं. तीन बीप. दुसरं काढलं. दोन. मग तिसरंही काढलं, आठही खाचांतून ब्रश फिरवला आणि हट्टाने पुन्हा बटण दाबलं.

एक बीप.

"आई, ऐकलंस?" मी खोलीतूनच ओरडले. "आत एकही कार्ड नाही, तरी मोजतंय लबाड!"

"मोजेल कसं?" आई बाहेरून म्हणाली. "त्याची पिन मी मघाशीच काढली, इस्त्री लावायला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. काळाठिक्कर.

आई आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

मशीन वाजलं. दोनदा.