आईचे आकडे

इंदिराबाईंनी दंड पुढे केला. अनुश्रीनं आईला पट्टा गुंडाळून बटण दाबलं. रक्तदाब मोजून बोलून दाखवणारं हे यंत्र तिनं आणि धाकट्या भावानं, पार्थनं, हिंदी मुलखातल्या प्रेम नगरच्या याच खोलीत बनवलं होतं. त्यातले मराठी आकडे इंदिराबाईंच्या आवाजात होते. त्यासाठी भर उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून, घाम पुसत बसल्या होत्या बिचाऱ्या.

"एक सौ बयालीस," यंत्र बोललं.

अनुश्रीनं भाषेचं बटण दाबून पाहिलं. पुन्हा हिंदीच.

ती उठून खिडकीपाशी बसलेल्या पार्थकडे गेली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. प्रोग्राम चिपमध्ये भरायच्या आधी कंपायलरला, म्हणजे तो चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगावं लागतं, प्रोग्राम आटोपशीर हवा की वेगवान. चिप इवलीशी. म्हणून दोघांनी मिळून आटोपशीर ठरवला होता, तरच दोन्ही भाषा मावत होत्या. यंत्र बोलायला जरा वेळ लावायचं, तर लावू दे.

आता सेटिंग वेगावर होतं. वेगवान प्रोग्राम हातपाय पसरून बसला होता आणि त्याला जागा व्हावी म्हणून मराठी आवाज काढून टाकले होते.

"ताई, डीलर कह रहा था, मशीन अटक-अटक के बोलती है," पार्थ हलकेच म्हणाला. "और मराठी यहाँ सुनेगा कौन?"

"काल तर म्हणालास, सगळं मावलं."

"जितना चाहिए था, उतना आ गया ना. फॅक्टरी को फाइल भी भेज दी."

अनुश्रीला रडूच आलं. परक्यानं केलं असतं तर ती कडाकडा भांडली असती. हा तर शेजारी बसून, तिच्याच ताटातलं खात, केसानं गळा कापून मोकळा झाला होता.

कूलरच्या घरघरीत इंदिराबाईंना यातलं काही ऐकू गेलं नाही. दंडावरचा पट्टा तसाच ठेवून त्या वाट पाहत होत्या.

"माझा आवाज बरा नाही आला का रे?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "घसा बसला होता तेव्हा."

अनुश्रीनं पार्थकडे पाहिलं. निदान आईला तरी तो खरं सांगेल, असं तिला वाटलं.

"हो आई," पार्थ म्हणाला, "तुझा आवाज नीट आला नाही."

कित्येक वर्षांनी तो आईशी अख्खं वाक्य मराठीत बोलला होता.