सातवी वही

"आपण मिळून पुस्तकांचं दुकान काढू या का?" बालमैत्रीण कुमुदच्या या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. धंदा जमेल असं वाटेना, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी उद्योजकतेच्या वर्गात नाव घातलं. स्टार्टअपच्या मेळाव्यांत मागे बसून, इतरांचे पिच, म्हणजे धंद्याची कल्पना पटवून देणारी छोटी भाषणं, ऐकत सहा वह्या भरल्या.

आज वर्गातली तस्लीम मंचावर पाठ केलेलं भाषणच विसरली. "मला बाजरीची बिस्किटं विकायची आहेत," ती म्हणाली, "बाकीचं करता करता शिकेन." परीक्षकांनी हसून बिस्किटांचा डबा मागवला.

खाली येऊन तिनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी बोलणार? सातवी वही भरल्यावर?"

मी थेट पोस्टात गेलो. "हो. जागा बघायला येतो," एवढंच लिहिलं आणि पत्ता चुकला का, ही शंका यायच्या आत पत्र पेटीत टाकलं.