अनोळखी दार

तिसऱ्यांदा तो त्या निळ्या दारापाशी आला आणि तिसऱ्यांदाही ब्रेकवर नुसती बोटं ठेवून पुढे निघून गेला. स्कूटर बॅटरीवरची. आवाज नाही, धूर नाही. त्यामुळे आतून कुणी डोकावलंही नाही. समोरच्या काचेवर आकडा लुकलुकत होता. सहा टक्के.

खिशातला फोन वाजला.

"डिझेलकाका, आहात कुठे?" बाई विचारत होत्या. "अकरा जणांच्या स्कूटरी चार्जिंगला लागल्या. तुमचीच तेवढी बेघर आहे."

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. ही फेरी त्यांच्याच डोक्यातली. बारा माणसं, बारा स्कूटरी, नऊ दिवस. धुराशिवायही लांबचं गाव गाठता येतं हे लोकांना नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं. वाटेत चार्जिंगची सोय शोधायची नाही. प्रत्येकाने एक दार ठोठावायचं, एक प्लग मागायचा, आणि स्कूटर भरेपर्यंतचे तीन तास त्या घरातल्यांशी वाढत्या उन्हाबद्दल, बिघडत्या हवेबद्दल बोलायचं. नियम एकच, पण कडक. ओळखीच्या दारात जायचं नाही. "ओळखीचे माना डोलवतात, अनोळखी प्रश्न विचारतात," असं बाईंचं म्हणणं. कुणी कुठल्या गल्लीत जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

आज त्याला वळणावरची गल्ली आली होती. तिथे कुलपं लावलेली गोदामं होती आणि माणसं राहतील असं एकच घर.

तीस वर्षं त्याने बस चालवली होती. "इतका धूर सोडलात, आता फेडा," असं बाकीचे चिडवायचे आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. पण हे तीन-तीन तास एका जागी बसणं त्याच्या अंगावर यायचं. बसचं बरं होतं. दोन मिनिटांचा थांबा, टण्‌टण्‌ घंटी, चला पुढे. मनाला टेकायला जागाच मिळायची नाही.

"बाई, मला गल्ली बदलून द्या," तो म्हणाला. "नियमात बसत नाही. हे माझ्या बहिणीचं घर आहे."

"सख्ख्या?"

"सख्ख्या. थोरल्या."

"बोलणं आहे?"

तो म्हणाला, "बारा वर्षं नाही."

"मग झालं तर! अनोळखीच की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आई गेली त्या दिवशी भरल्या घरात तो ताईला म्हणाला होता, "तू नीट बघितलं असतंस, तर आज आई असती." सहा वर्षं आईला चमच्याने भरवलं होतं ताईने. तिने हातातला ग्लास खाली ठेवला आणि ती आत गेली. शब्द तोंडातून सुटतानाच त्याला कळलं होतं. पण माफी मागायला उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत बारा वर्षं गेली.

चार टक्के. देव माणसाला दारापर्यंत आणून सोडतो, कडी मात्र ज्याची त्यालाच वाजवावी लागते. त्याने वाजवली.

दार उघडलं. ताईचे केस पार पांढरे झाले होते. त्याच्या तोंडून नऊ दिवस घोकलेलं तेवढंच बाहेर आलं.

"नमस्कार. आम्ही बारा जण बॅटरीच्या स्कूटरींवरून निघालो आहोत. हवा स्वच्छ राहावी, पुढच्यांना ऊन सोसावं, म्हणून. तुमच्याकडे एक प्लग मिळेल का?"

ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ओट्याच्या बाजूला आहे," ती म्हणाली. "पिन ढिली बसते. खाली कागदाची घडी लाव."

वायर खिडकीतून आत आली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पाय एकसारखा हलत होता. ताई भाजी चिरत राहिली. एक तास गेला, दोन गेले. हवेवर तो चकार शब्द बोलला नाही. माफीचं वाक्य जिभेवर यायचं आणि मागे फिरायचं.

शेवटी तीच म्हणाली, "आज रजा काढलीस वाटतं?"

"अं?"

"या रस्त्याला एकच तर बस. तुझी. खिडकीतून दिसत नाही, गोदामाची भिंत आड येते. पण रोज चारला वळणावरून जाताना हॉर्न देतोस. बारा वर्षांत एकदा चुकला नाहीस." सुरी थांबली. "आधी राग यायचा. म्हणायचे, अरे मेल्या, उतरून ये की, भोंगा कसला वाजवतोस! मग सवय झाली. हॉर्न आला की म्हणायचे, जा बाबा, केलं माफ, सोडलं तुला." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आज नाही वाजायचा. आज तू इथे बसलायस."

बाहेर बस वळली आणि तिचा हॉर्न वाजला. लांबलचक.

ताईने भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"वळणावर पाटी आहे, ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हॉर्न वाजवा म्हणून. सगळेच वाजवतात. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आणि नोकरीत होतो तेव्हाही पाटीसाठीच वाजवायचो. या दाराकडे बघायची हिंमत नव्हती. तेव्हा बोललो ते खोटं होतं, ताई. तू होतीस म्हणून आई सहा वर्षं जगली."

ताईने सुरी बाजूला ठेवली.

"मग रोज चारला मी सोडत कुणाला होते रे?"

"मलाच," तो म्हणाला. "ती माफी घ्यायला मीच आलो नव्हतो."