फिकट बाही

हंसाने ड्रायव्हरची पोटरी चोचीत धरली आणि चहा सांडला.

"राजा, सोड," बायको म्हणाली. "घरचेच आहेत ते."

हंसाने सोडलं, पण ते तिच्या शब्दाखातर. मग तो ऐटीत तिच्याकडे गेला आणि तिच्या मांडीवर मान टाकून बसला. ती उलट्या बादलीवर बसली होती. अंगात कसलासा जुनाट शर्ट, बाह्या दुमडलेल्या. भोवती कोंबड्या, बदकं, दोन टर्की आणि गिनी कोंबड्यांचा घोळका. तिच्यासाठी आणलेल्या चहाचा रिकामा कप घेऊन ड्रायव्हर कुंपणाशी उभा राहिला. आपल्याच घरात बायकोने आपली ओळख करून द्यावी, आणि तीही एका पक्ष्याला, हे त्याला फार लागलं.

म्हणे राजा! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याची मजल 'अहो'च्या पुढे गेली नव्हती. उभा जन्म त्याने ट्रकवर काढला. अधूनमधून घरी यायचा. आंघोळ, जेवण, झोप, की पुन्हा गाडी. आता गाडी सोडून कायमचा घरी आला, तर त्याची जागा भरलेली. बायको उजाडताच उठून भरडा कालवायची. बदकं पाणी घाण करतात म्हणून त्यांचं भांडं लांब ठेवायची. टर्की कोंबड्यांच्या तोंडचं हिसकावतात म्हणून त्यांना वेगळं वाढायची. आणि हे सगळं करताना हंसाशी बोलत राहायची. गुडघा दुखतो, हे तिने हंसाला सांगितलं. मुलीचा फोन येत नाही, हेही त्यालाच. ड्रायव्हरला ते कुंपणाआडून ऐकून कळलं. त्याच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "जेवण झाकून ठेवलंय."

त्याला हेवा वाटत होता. अगदी पोटातून वाटत होता. पण बोलायची सोय नव्हती. चारचौघांत सांगणार काय, हंस बायकोला घेऊन बसलाय म्हणून? जेवायला बसला की मांडीवर टाकलेली ती पांढरी मान डोळ्यांपुढे यायची आणि घास उतरायचा नाही. त्यात गिनी कोंबड्या. परकं माणूस दिसलं की त्या कोकलतात, राखणीला बऱ्या म्हणून लोक पाळतात. त्याला बघून त्या रोज कोकलायच्या.

बायको गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली, त्या सकाळी त्याने कोंबडीवाल्याला बोलावून घेतलं. तो फाटकाशी टेम्पो लावून, पिंजरा उघडून उभा राहिला.

"धरून तुम्ही द्या," तो म्हणाला. "मी आत येत नाही. लक्षण ठीक दिसत नाही याचं."

ड्रायव्हर आत शिरला. गिनी कोंबड्यांनी एकच कल्ला केला. हंस पंख पसरून धावून आला, आणि ड्रायव्हर कुंपणाबाहेर.

"काका, पक्षी तुमचाच ना?" कोंबडीवाल्याने विचारलं.

ड्रायव्हर चरफडत दाण्याच्या खोलीत गेला. हात फोडून घ्यायचे नव्हते. खुंटीवर बायकोचा तो जुनाट शर्ट होता, कापड जाडसर होतं. त्याने तो अंगात चढवला आणि दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. बाह्या बरोबर मनगटावर आल्या. खांदेही नीट बसले. मग त्याचं लक्ष उजव्या बाहीकडे गेलं. ती डावीपेक्षा फिकट होती, कोपराशी तर पार पांढरी. खिडकीत कोपर टेकवून वर्षानुवर्षं गाडी चालवली की उन्हाने बाही अशीच विटते. आपला हा शर्ट गेला कुठे, असं त्याने कधी विचारलंही नव्हतं.

तो बाहेर आला. गिनी कोंबड्या गप्प. टर्की येऊन पायांत घोटाळायला लागल्या. हंस आला तोच मान खाली घालून, आणि त्याने शर्टाच्या खिशात चोच खुपसली. ड्रायव्हर बादलीवर बसला. हंसाने त्याच्या मांडीवर मान टाकली. ती चांगलीच जड होती, आणि उबदार.

"धरा की आता," कोंबडीवाला म्हणाला.

ड्रायव्हर हलला नाही.

तेवढ्यात बायको आली. तिने टेम्पो पाहिला, पिंजरा पाहिला, मग बादलीवरचा नवरा पाहिला. काय ते तिला कळलं. तिने कोंबडीवाल्याला हातानेच जायला सांगितलं. तो पुटपुटत निघून गेला.

"राजाला देऊन टाकणार होतात?"

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "तुझा जीव याच्यावर, याचा तुझ्यावर. मी आपला बाहेरचा."

ती कुंपणाशीच उभी राहिली.

"आत ये ना."

"कशी येऊ? शर्ट तुमच्या अंगात आहे." तिने हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत चोचीचे जुने वण होते. "अंड्यातून एकटाच निघाला, थंडीत या खिशात वाढला. त्याला शर्ट तेवढा कळतो. शर्ट नसला की मलाही फोडून काढतो."

ड्रायव्हरने खिशाला हात लावला. शिवण नव्याने घातलेली होती, बारीक टाक्यांची.

"पण माझाच शर्ट कशाला घालायचीस?"

बायकोने कुंपणाच्या तारेत अडकलेलं एक पीस काढलं आणि फेकून दिलं.

"तुम्ही गाडीवर असायचात," ती म्हणाली. "त्याने शर्टावर भागवलं. माझ्यासारखंच."