एकीविरुद्ध बेचाळीस

ट्रकात चढताना सगुणाचं पातळ फळीच्या खिळ्याला अडकलं आणि सगळ्याजणी एकदम हसल्या. सकाळचे आठ वाजले होते. पावसजवळच्या आंब्याच्या कारखान्यातल्या या बेचाळीस बायका एरवी या वेळी आंबे सोलायला बसलेल्या असत. आज ऐन मे महिन्यात कारखाना बंद होता. मालक महिपतशेटनी स्वतःच बंद ठेवला होता.

"आंबा एक दिवस पडू दे," ते म्हणाले होते. "आधी माझ्या नावाचं बघा."

शहाऐंशी सालातली ही गोष्ट. मालननं तक्रार केली त्याला तीन आठवडे झाले होते. मालन चोवीस वर्षांची, डब्यांना लेबलं चिकटवायच्या कामावर होती. शेट माडीवरच्या ऑफिसात एकटीला बोलावतात, दाराला बाहेरून कडी पडते आणि ते अंगाला हात लावतात, असं तिनं पोलिसांत लिहून दिलं. रत्नागिरीच्या एका साप्ताहिकानं ते छापलं, आणि पूर्णगडापर्यंत दुसरा विषय उरला नाही. एस.टी.त तेच, मासळीबाजारात तेच. शेट पंचायत समितीवर होते, देवस्थानचे ट्रस्टी होते. शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधून दिल्या होत्या.

"असला माणूस कशाला हिच्या वाटेला जाईल?" लोक म्हणत. "हिलाच कोणीतरी फूस लावली."

मालन विहिरीवर आली की बायका कळशा उचलून निघून जात. तिच्या नवऱ्याला मुंबईला कोणीतरी निनावी पत्र धाडलं. त्यानंतर त्याचं तिला पत्र आलं नाही.

चौकशी प्रांतसाहेबांकडे गेली. त्यांनी कारखान्यातल्या बायकांना जबानीला बोलावलं तसं शेटनी तुळसाला बंगल्यावर बोलावून घेतलं. तुळसा कारखान्याची मुकादम. वीस वर्षं तिचा शब्द बायकांनी कधी मोडला नव्हता.

"बायका नीट बोलतील ना गो?" शेटनी विचारलं.

"मी पहिली बोलते. मग त्यांना धीर येईल."

"बरं."

"पण तुम्ही आत नको, शेट. तुम्ही समोर बसलात तर लोक म्हणतील, दमात घेतलं."

शेटनी मान डोलावली. "हुशार हायस."

"आणि पेपरवाल्यांना आत बसवा. मालनचं छापलं, तसं आमचं पण छापू देत."

शेट खूश झाले. त्यांनी तिच्यासमोरच रत्नागिरीला फोन लावला.

आता ट्रक घाटीच्या वळणावरून जात होता. पुढे कापडी फलक बांधला होता, 'महिपतशेट आमचे मायबाप'. निम्म्याजणींनी कचेरी कधी पाहिली नव्हती. कोणी आबोलीचे गजरे आणले होते, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटले गेले. गंगुबाईनं फुगडीचं गाणं धरलं आणि बाकीच्यांनी फळ्यांवर हातानं ताल दिला. वाटेतल्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन हात हलवत होती. ड्रायव्हर धाकू प्रत्येक वाडीला लांबलचक हॉर्न देत होता.

सगुणा मात्र तुळसाच्या कानाशी आली. "वयनी, मालनला समोर बघून माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाय तर?"

"तू आधी माझं ऐक. मग काय बोलायचं ते तुझं तू ठरव."

पालखी दारात यायच्या वेळी धडधडायची तशी तुळसाची छाती धडधडत होती. भीती होती की आणखी काही, तिचं तिला कळत नव्हतं.

कचेरीसमोर हीऽ गर्दी. ट्रक थांबताच कोणीतरी शिट्टी मारली. व्हरांड्यात शेट पांढऱ्या कपड्यांत उभे होते. गळ्यात हार होता. दुसऱ्या टोकाच्या बाकावर मालन बसली होती. तिच्याजवळ महिला मंडळाच्या एक शिक्षिका होत्या, तेवढ्याच.

"मोज आता," गर्दीतून एकजण मालनला म्हणाला. "एकीविरुद्ध बेचाळीस."

मालननं तुळसाकडे पाहिलं. तुळसानं मान खाली घातली आणि ती आत गेली.

खोलीत प्रांतसाहेब, लिहून घेणारा कारकून आणि दोन पेपरवाले होते. बायका दारापर्यंत दाटीनं उभ्या राहिल्या. खिडकीच्या गजांना बाहेरून माणसं लटकली होती. त्यांना बाजूला सारून शेटही तिथे येऊन उभे राहिले.

"नाव?"

"तुळसा धोंडू गोताड."

"कारखान्यात किती वर्षं?"

"वीस."

"तिथे असा काही प्रकार झाला असता, तर तुमच्या कानावर आला असता?"

"माझ्या नकळत तिथे काय घडत नाय, साहेब."

खिडकीबाहेर दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. शेट हसले.

"मग मालनबाईंच्या तक्रारीबद्दल तुमचं काय म्हणणं?"

"ती पुरी नाय."

प्रांतसाहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

"तिनं लिवलंय, बाहेरनं कडी कोणी घातली ते ठाऊक नाय." तुळसानं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "मला ठाऊक हाय. ती कडी मी घातली. तिच्याआधी सातजणींच्या वेळी पण मीच घातली. शेटच्या नावाखाली माझं नाव लिवा, साहेब, आणि मग त्या सातजणींची नावं मी सांगायची का, ते आधी त्यांना विचारा. त्या दारातच उभ्या हायत."