चाळीस हजार माणसांचा देश

"अहो, मग तो अंशुमनला ओळखत असणारच!" फोनवर सुनीतीचा आवाज आनंदाने चढला होता. "चाळीस हजार माणसांचा देश तो. त्यात मराठी अशी किती असणार? रविवारी दोघंही जेवायला या."

"येतो," म्हणून पद्माकरांनी फोन ठेवला.

मधुमती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "कोण आलंय तिच्याकडे?"

"तिचा भाचा. ग्लासगोचा परीक्षित. दोन वर्षं लिश्टनस्टाइनला होता म्हणे. आता परत आलाय."

मधुमतीच्या हातातला टॉवेल अर्धवट घडी होऊन तसाच राहिला.

आपला मुलगा लिश्टनस्टाइनला नोकरी करतो, असं लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या ओळखीच्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलेलं होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या पद्माकरांनी तो देश लायब्ररीतल्या पुस्तकांतून पाठच केला होता. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये एकशे साठ चौरस किलोमीटरची चिंचोळी पट्टी. समुद्र नाही, आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही नाही. सैन्य नाही. पंचवीस जणांची संसद, आणि डोंगरावरच्या किल्ल्यात राहणारा राजा, ज्याच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. विमानतळही नाही. हे शेवटचं फार उपयोगी पडायचं. "यायला-जायला फार त्रास हो," असं म्हटलं की लोक पुढे विचारत नसत.

अंशुमन तिथे कधीच गेला नव्हता. गेली तीन वर्षं तो वॉटफर्डपासून दोन तासांवरच्या एका तुरुंगात होता. दारू पिऊन चालवलेल्या त्याच्या गाडीखाली एक शिक्षिका गेली होती. त्या बाईंचं नाव मधुमती अजून रोज देवासमोर घेत असे.

निकाल लागला त्या आठवड्यात देवळात कुणीतरी विचारलं, "अंशुमन दिसत नाही हल्ली?" आणि पद्माकरांच्या तोंडून हा देश निघून गेला. तिथे ओळखीचं कुणी जात नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. मग तीन वर्षं तो देश सांभाळावा लागला. तिथल्या थंडीची चौकशी झाली की उत्तर द्यायचं. दिवाळीला "या वर्षीही रजा नाही" म्हणायचं. महिन्यातून दोनदा भेटीला जायचं आणि परत आल्यावर कुणी विचारलं तर मॉलमध्ये गेलो होतो म्हणायचं.

रविवारी सुनीतीच्या दारासमोर गाडी थांबली, तरी मधुमतीने सीटबेल्ट काढला नाही.

"आज सांगून टाकू या. त्या मुलाने 'असा कुणी नव्हता तिथे' म्हणायच्या आधी आपणच सांगू."

"मधू, इतक्या लोकांसमोर?"

"दमले हो मी. तो राजा आणि तो किल्ला सांगून सांगून दमले."

पद्माकरांनी गाडीची किल्ली काढली. दमले तेही होतेच.

परीक्षित पस्तिशीचा, किडकिडीत मुलगा होता. मान खाली घालून, भराभर जेवत होता. सुनीतीचे यजमान विष्णू त्याला एकेक विचारत होते आणि तो नेमकं उत्तर देत होता.

"पंधरा ऑगस्ट त्यांचाही राष्ट्रीय दिन असतो. सगळी जनता किल्ल्यापाशी जमते."

"वा! आणि चोऱ्यामाऱ्या, क्राइम वगैरे?"

"फारसं नाही. एक छोटासा तुरुंग आहे. मोठी शिक्षा झाली, तर ऑस्ट्रियाला पाठवतात."

पद्माकरांनी पाण्याचा पेला उचलला. या मुलाला सगळं माहीत होतं. पुस्तकातलं आणि पुस्तकाबाहेरचंही.

"ते राहू दे रे," सुनीती पोळ्या वाढत म्हणाली. "आमचा अंशुमन भेटला की नाही, ते सांग."

मधुमतीने हात ताटात थांबवला. "सुनीती, मला काही सांगायचंय. आमचा अंशुमन..."

"भेटला म्हणजे काय!" परीक्षित एकदम म्हणाला. "काकू, तुम्ही त्याच्या आई? अहो, आम्ही रोज भेटायचो."

मधुमती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तिथे जागेची फार टंचाई. वर्षभर एकच खोली शेअर केली आम्ही. झोपेत बडबडतो तो." परीक्षितची नजर ताटावर होती. "आता दारूला शिवत नाही, काकू. सकाळी उठून व्यायाम करतो. ज्यांना येत नाही, त्यांना लिहाय-वाचायला शिकवतो. सगळे मानतात त्याला."

मधुमतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुनीतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "लेकाची आठवण आली गं तिला," ती विष्णूंना म्हणाली.

पद्माकरांना वाटलं, मुलगा भला आहे. मधुमतीचा चेहरा बघून त्याने सावरून घेतलं. आता आपल्यासाठी परका माणूसही खोटं बोलायला लागला, याची त्यांना लाज वाटली.

जेवणानंतर परीक्षित मागच्या बागेत एकटाच उभा होता. पद्माकर त्याच्यापाशी गेले.

"आज तू आम्हाला वाचवलंस. पण आमच्यापायी तुला खोटं बोलावं लागलं."

"मी काहीच खोटं बोललो नाही, काका."

"अरे, तुला कल्पना नाही. अंशुमन तिथे कधी गेलेलाच नाही."

परीक्षितने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत सुनीती मधुमतीसाठी डबा भरत होती.

"मीही नाही गेलो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरी सांगायला हा देश मला अंशुमननेच सुचवला. मागच्या महिन्यात सुटलो मी, काका. तो अजून आमच्या त्याच खोलीत आहे."